ताम्हिणीकडची दोन गावं आणि एक तार

ऐंशीच्या दशकात राज्यशास्त्राचं एम. ए. करताना सरांनी एक विचित्र निबंध दिला: देशोदेशींचे संगणक टेलिफोनच्या तारांनी जोडले, तर देश एकमेकांशी कसे वागतील? मी संगणक पाहिलाही नव्हता. आठवडाभर कागद कोरा राहिला, तेव्हा सरळ ताम्हिणीकडच्या मामाकडे पळ काढला.

आता गाडीनं दोन तासांत पोचाल. तेव्हा एसटीला अख्खी सकाळ लागायची. बावधनची शेतं मागे पडली की पौडला थांबा. तिथली भजी झकास, पण जपून खा. धरणाकाठची वळणं ती पोटात राहू देत नाहीत.

मामा गावचा पोस्टमास्तर. पोस्टातला फोन आणि वरच्या गावात किसनरावांच्या दुकानातला फोन एकाच तारेवर. इकडे उचलला की तिकडचं सगळं ऐकू यायचं. एसटीचा नवा थांबा कुणाला, यावरून दोन्ही गावांची जुंपलेली; तो ठरवायला एसटीचे साहेब यायचे होते.

"साहेब शुक्रवारी येनार हायेत!" मामा फोनवर ओरडला.

"पत्रात तर बुधवार आहे," मी कुजबुजले.

"गप! किसन ऐकतुया."

बुधवारी साहेब आले, तर किसनराव हार घेऊन आधीच हजर. मामाचं खोटं नेहमी दोन दिवस पुढचं असतं, हे वरच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी सरपण काढताना मामीला विंचू चावला. ती घामानं निथळू लागली, श्वास पुरेना. मामानं फोन उचलला, तर किसनराव कुणा व्यापाऱ्याशी बोलत होते.

"किसन, तार सोड. घरात आजारी हाय."

"मागल्या महिन्यातबी आजारी व्हती की! मी फोन ठिवला, अन् तू आमदाराला लावलास."

मामा गप्प झाला. ते खरंच होतं.

मी फोन घेतला. "किसनकाका, मी त्यांची भाची. मामीला विंचू चावलाय. श्वास लागलाय हो."

खट्! तार मोकळी झाली. पौडचे डॉक्टर म्हणाले, लगेच घेऊन या. पण एसटी थेट दुपारी होती. मी तसं सांगून फोन ठेवला आणि थोड्याच वेळात दारात किसनरावांची जीप.

"गाडी न्हाई ते तुला कुनी सांगितलं?" मामानं विचारलं.

"ऐकलं की!" मामीला आधार देत किसनराव म्हणाले.

मामी वाचली. साहेबांनी थांबा दोन्ही गावांच्या मधोमध दिला; पायपीट दोघांनाही.

पुण्यात येऊन एका बैठकीत निबंध लिहिला: सगळे चोरून ऐकतील, सगळे नाकबूल जातील, तार मात्र कुणी तोडणार नाही. गुण बरे मिळाले. आज कुठल्या तरी देशानं दुसऱ्याच्या दवाखान्यांचे संगणक बंद पाडल्याची बातमी वाचते, तेव्हा फोन कानाला लावून गप्प झालेला मामा दिसतो. पुढे आजारपणाचं खोटं त्यानं कधी सांगितलं नाही. बाकीची मात्र जोरात चालू होती.