एका साच्याचे तीन साचे
सोनाराच्या दुकानातून तेजाबाचा वास आला की आजही माझं डोकं उठतं. विट्याजवळच्या आमच्या घरात तेव्हा दोन वेळच्या भाकरीची मारामार होती, म्हणून धाकटा भाऊ दहावीनंतर परमुलखात मामाच्या सोनं गाळायच्या दुकानात गेला आणि त्याच्या कमाईवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. एका यात्रेला तो आला तो पाय भाजून, डोळे चोळत. म्हणाला, “दादा, एका साच्याचं तीन दिसत्यात. रस ओतू कशात? मामा म्हणतोय, आंधळा हायस का?” मी त्याला तसंच सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. केराटोकोनस निघाला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन टोकदार होत चालला होता. औषधाचे थेंब टाकून वर अतिनील किरण सोडले तर ही वाढ थांबेल, पण उशीर नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी, यात्रेसाठीच आलेला मामा त्याला परत न्यायला त्याची पिशवी भरून तयार. “धुरानं समद्यांचंच डोळं चुरचुरत्यात. लाईट मारून बरं हुतंय व्हय रं? चार बुकं शिकलास म्हंजी डॉक्टर झालास?” “बरं न्हाई होत मामा, बिघडायचं थांबतं. आवं, तुमी त्याला आंधळा म्हणालात, आता तसा झालेला बघायचाय का?” मी पिशवी हिसकावून माजघरात फेकली. मामा एकटाच गेला. भावाच्या दोन्ही डोळ्यांवर उपचार झाले, आजार तिथंच थांबला. आज तो कडक लेन्स लावून शिरवळच्या कारखान्यात मशीन चालवतो, आणि त्याला एकाचं एकच दिसतं.