चिंचेनं घासलेली कांडी

पूर्णा जंक्शनात मी नोकरीला लागलो तेव्हा आईला वाटलं, पोरगा आगगाडी चालवणार. मी गाडी चालवत नव्हतो, डब्यांतल्या दिव्यांच्या बॅटऱ्यांना पाणी घालत होतो. तिला हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हंजे मेंढरांचंच काम की." मला राग आला. आमची मेंढरं पिंगळीकडं थोरल्या भावापाशी राहिली आणि आई माझ्याबरोबर रेल्वेच्या एका खोलीच्या क्वार्टरात आली. मला भाकरी थापता येत नव्हती आणि लग्नाचं नाव काढलं की मी बाहेर निघून जायचो, तेव्हा तिला दुसरा इलाजच नव्हता.

बॅटरीखोलीचे धनी आमचे उस्ताद. मूळचे हैदराबादचे, मेंदी लावलेली दाढी, अंगात तेजाबानं, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडनं, भोकं पडलेला खाकी कोट. मला कामावर त्यांनीच घेतलं होतं, साहेबापुढं स्वतःचा शब्द टाकून. "लडका सच्चा है, मेरी जिम्मेदारी," एवढंच ते बोलले होते. माझी नोकरी त्या शब्दावर उभी होती आणि रोज सकाळी त्यांना सलाम करताना मला ते आठवायचं.

उस्तादांचा सगळा भरवसा एका कांडीवर. कॅडमियम नावाच्या धातूची, करंगळीएवढी, काळपट, रस्त्यात पडली तर कोणी उचलणार नाही अशी. भोकं पाडलेल्या रबरी नळीत बसवलेली, वरून एक तार काढलेली. बॅटरीच्या प्रत्येक सेलात तेजाबात दोन जातींच्या प्लेटी असतात, धन आणि ऋण. दोन टोकांना मीटर लावला की दोघींची मिळून ताकद कळते, पण त्यांतली आजारी कोण, ते कळत नाही. म्हणून उस्ताद कांडी तेजाबात बुडवायचे आणि मीटरची एक तार तिला जोडून दुसरी आधी धन बाजूला, मग ऋण बाजूला लावायचे. कांडी आपल्या जागी पक्की, त्यामुळं काटा जे दाखवील तो त्या त्या प्लेटीचा गुण. "नवरा-बायकोच्या भांडणात शेजारीण लागतीच बेटा," असं त्यांनी मला शिकवलं होतं. काम झालं की कांडी पुन्हा पातळ तेजाबाच्या काचेच्या बरणीत जायची. ती सुकलेली त्यांना खपत नसे.

दर खंडेनवमीला उस्ताद आपली हत्यारं आमच्या घरी पूजेला पाठवायचे. पहिल्या वर्षी आईनंच मागून घेतली होती. ज्या हत्यारांवर आपला पोरगा शिकतो ती पूजेविना राहिलेली तिला चालेनात. पक्कड, पाने, हातोडी, सगळं ती घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायची, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळीसकट परत करायची. उस्ताद पोळीची वाट पाहायचे, हे मला माहीत होतं.

त्या वर्षी त्यांनी कांडीही दिली. "आपा, असली हत्यार तर हेच हाय. हेच घरी बसलं तर कसं चालंल?" प्रेमाचा भर होता तो. दोन दिवस सुकली तरी तासभर भिजवली की झालं, असं त्यांनी धरलं होतं.

दसरा झाला. कांडी भिजवून उस्तादांनी एका डब्याचा संच तपासायला घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. धन प्लेटी ठणठणीत दिसत होत्या, पण ऋण प्लेटी झाडून साऱ्या आजारी. दुसरा सेल, तिसरा सेल, तेच. सगळ्या ऋण प्लेटी एकदम बिघडल्या म्हणजे पाण्यात खोट, हा त्यांचा हिशेब. बॅटरीला भट्टीतून काढलेलं शुद्ध पाणीच लागतं. ते बाटल्यांतून मालगाडीनं यायचं आणि त्या महिन्यात उशिरा आलं होतं. विहीर खोलीच्या मागंच होती, आणि पाणी घालणारा मी.

"कुठलं पाणी घातलंस?"

"बाटलीतलंच, उस्ताद."

"विहिरीचं न्हाई?"

"न्हाई."

उस्तादांनी साहेबाला निरोप धाडला की संच खराब झाला आहे. साहेब सोमवारी येणार होते आणि विहिरीचं पाणी ओतणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवणार, हे सगळं जंक्शन जाणून होतं. पण मला खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा दुसरंच लागलं होतं. उस्ताद रोज अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडं सरकवायचे. आता ते अख्खा कप पाठ फिरवून प्यायला लागले.

आईला मी म्हणालो, "चल पिंगळीला. मेंढरंच बरी." तिनं सगळं ऐकून घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि तशीच निघाली. बॅटरीखोलीत ती कधी आली नव्हती. मी मागून धावलो, पण ती कुठली थांबते!

"भाऊ, माजं पोरगं आळशी हाय, तोंडाळ हाय, पर खोटं बोलत न्हाई. तुमीच साहेबाला तसं सांगितलं हुतं ना?"

उस्ताद नळीतून काढलेली कांडी हातात घेऊन उभे होते. मान खाली. आई आणखी बरंच बोलणार होती, पण तिची नजर कांडीवर गेली आणि ती भलत्याच गोष्टीवर भडकली.

"ही पुन्हा काळी कशी पडायली? नळीतून काढून चिंच अन् राखंनं घासली मी, हात दुखंस्तोर! चांदीवानी करून परत नळीत घातली हुती, अन् तुमी तीन दिसांत तिची ही गत केली?"

उस्तादांनी कांडीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि स्टुलावर बसकण मारली. मग हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते ते. "आपा, ते काळं म्हंजे मळ न्हाई ओ. तेजाबात राहून राहून धरलेलं असतंय. ते हाय म्हणून ही जाग्यावर राहती. तुमी तिला नवी नवरी केली, अन् नवी नवरी काय सांगंल घरातलं?" त्यांनी लगेच एक सेल पुन्हा तपासला. कांडी तेजाबात राहून पुन्हा काळी पडत चालली होती, तसा काटाही निम्मा ताळ्यावर आला होता.

आईला यातलं किती कळलं देव जाणे. पोरगा सुटला एवढं कळलं आणि ती ओल्या डोळ्यांनीच भांडत राहिली. उस्तादांनी चहा मागवला. बशी माझ्याकडं आली तेव्हा तिच्यात अर्ध्याहून जास्त चहा होता. माफी वगैरे त्यांना जमायची नाही.

सोमवारी साहेब आले तेव्हा कांडी पुरती ताळ्यावर आली होती आणि सगळ्या प्लेटी निरोगी निघाल्या. खोटा निरोप का दिला म्हणून साहेबांनी सगळ्यांदेखत उस्तादांना झापलं. "कांडी मी सुकू दिली, साहेब. गलती माझी," एवढंच ते म्हणाले. चिंचेचं नाव त्यांनी निघू दिलं नाही. मी बाजूला उभा होतो आणि माझा जीव त्यांच्यावरून ओवाळून टाकावासा वाटत होता.

पुढच्या खंडेनवमीपासून कांडी बरणीसकट, तेजाबात बुडालेली अशी यायला लागली. आई बरणीला बाहेरून कुंकू लावायची.

मग निजामाचं राज्य गेलं ते वर्ष आलं. हिंदुस्थानची फौज येऊन महिना झाला नव्हता. आजूबाजूच्या गावांतून मुसलमान वस्त्यांच्या वाईट बातम्या येत होत्या, क्वार्टरांत माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली होती. उस्तादांचं दार कित्येक दिवस बंद होतं. खंडेनवमीला आईनं पाट मांडला आणि म्हणाली, "भाऊची बरणी न्हाई आली."

"राहू दे यंदा," मी म्हणालो. "लोक बघतील."

"बघू दे की," म्हणून ती पदर घेऊन भर दुपारी मधल्या रस्त्यानं निघाली. मी मागं गेलो. तिनं दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. "भाऊ, मी हाय. बरणी द्या. पूजा खोळंबलीय."

दार उघडलं. दाढीची मेंदी उतरून गेली होती. ते आत जाऊन बरणी घेऊन आले. आईनं हात पुढं केले.

"नको आपा, तेजाब हाय. मी घेतो."

दोघं त्याच रस्त्यानं परत आले, बरणी त्यांच्या हातात आणि आई शेजारून चालत. दारोदारी माणसं उभी होती. घरी येऊन त्यांनी बरणी पाटावर ठेवली. आईनं तिला बाहेरून कुंकू लावलं. कांडीला हात लावला नाही.