साहेबांच्या फ्लेक्समागचा रस्ता

आमच्या आमदारांचं पत्रक दर महिन्याला घरोघरी येतं. गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर साहेब, मधल्या पानावर ‘आपली सुरक्षा’, शेवटच्या पानावर सत्कार, वाढदिवस आणि निधनवार्ता. गावातल्या बाया ते डब्यांच्या फळीवर अंथरतात. मी वाचते. शाळेची पायरी मी चढले न्हाई, किराण्याच्या पुड्यांवर अक्षरं शिकले. त्यामुळं छापलेलं काही सोडायची सवयच न्हाई. पत्रकातल्या एकेका बातमीमागं एकेक किस्सा असतो आणि तो पत्रकात कधीच नसतो. असे इतके साचलेत की कुणीतरी लिहायलाच पाहिजेत. दुसरं कोण लिहिणार?

आधी जागा समजून घ्या. आमच्या फाट्यावर रस्ता वळतो आणि नेमकी तिथंच जालन्याची एसटी थांबते. त्याच वळणावर साहेबांच्या फ्लेक्सचा लोखंडी सांगाडा रोवलाय. पलीकडून येणारी गाडी अंगावर येईस्तोवर दिसत न्हाई. कॉलेजच्या पोरी, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळे एक पाय डांबरावर टाकतात, मान बाहेर काढतात आणि मंग बघतात.

* * *

साहेबांनी गावोगाव सुरक्षा समित्या नेमल्या. त्यांचा पीए जीप घेऊन आला. म्हणाला, दोन बाया पाहिजेत. एक मी, कारण मला वगळलं असतं तर मी जीपसमोर आडवी झाले असते. दुसरी शमीमआपा, फाट्यावर बांगड्यांची टोपली घेऊन बसायची ती. आपानं विचारलं, काम काय करायचं?

“काम काही न्हाई,” पीए म्हणाला. “फोटो हाये.”

आपा फोटोला बिचकली. उभ्या जन्मात तिनं फोटो काढला नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठं ती समोर बघायला तयार झाली. फोटो झाल्यावर आम्ही दोघींनी एकच गोष्ट सांगितली, तो सांगाडा वळणावरून हलवा. पीए म्हणाला, बिलकुल, साहेबांच्या कानावर घालतो.

घरी येताना आपा म्हणाली, “साहब के कान भोत बडे होंगे, बाई. सब उसमेच जाता.”

* * *

मंग फाट्यावर कॅमेरा बसला. नारळ फुटला, पत्रकात अर्धं पान आलं. काही दिवसांनी कॅमेऱ्याखालूनच दूधवाल्याची मोटारसायकल चोरीला गेली. पोलिसांनी चित्रण लावलं. समितीची सभासद म्हणून मीही जाऊन बसले.

दिवसभराच्या चित्रणात साहेब. हात जोडलेले. सकाळी साहेबांवर ऊन, दुपारी साहेबांवर धूळ, संध्याकाळी एक कावळा साहेबांच्या डोक्यावर बसून गेला. आधीचा फ्लेक्स कुणीतरी फाडल्ता, म्हणून कॅमेऱ्याचं तोंड तिकडं फिरवून ठेवलं होतं.

जमादार कंटाळून म्हणाला, “मावशी, यात चोर काही दिसत न्हाई.”

मी म्हणाले, “नीट बघा.”

* * *

एका पत्रकात महिलांसाठी हेल्पलाइनचा नंबर आला. आमच्या गल्लीतल्या कमलचा नवरा पिऊन हात उचलतो, सगळ्या गावाला माहीत आहे. मी तो नंबर तिच्या भिंतीवर कोळशानं लिहून दिला. नवरा पुन्हा अंगावर आला तसा कमलनं फोन लावला आणि त्याला धाक बसावा म्हणून स्पीकरवर टाकला.

“नमस्कार, मी तुमचा आमदार बोलतोय,” फोन म्हणाला.

टेप होती ती. पण नवरा ताडकन उभा राहिला, टोपी सारखी केली, हात जोडले. साहेबांनी समस्त कुटुंबाला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, दिवाळी कधीच होऊन गेली तरी. तो मान हलवत ऐकत राहिला. मंग बाजा वाजला आणि फोन कटला. त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली आणि राहिलेलं काम पुरं केलं.

सकाळी कमल सुजलेल्या तोंडानं दारात आली. म्हणाली, “मावशी, साहेबांना म्हणावं, भाषण जरा लंबं ठेवा.”

* * *

सांगाडा हलत न्हाई तर निदान गतिरोधक द्या, म्हणून आम्ही पीएच्या मागं लागलो. आणि काय सांगावं, झाला! आपानं कामावरच्या बायांना फुकट बांगड्या भरल्या.

पुढं त्या रस्त्यानं मंत्री यायचे ठरले. त्यांच्या कमरेला त्रास, म्हणून आदल्या दिवशी जेसीबीनं गतिरोधक खरवडून काढला. मंत्री आले, गेले. गतिरोधक परत आला न्हाई. पत्रकात छापून आलं: मंत्रिमहोदयांचा दौरा सुरक्षितपणे पार पडला.

* * *

त्याच फाट्यावर एका डंपरला आपाच्या नातीची, नाजियाची ओढणी गुंतली. ओढणी गेली, पोर वाचली. कॉलेजला निघाल्ती.

दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन गेले आणि डोळ्यांच्या उंचीवर फ्लेक्सला चांगली चौकोनी खिडकी पाडली. ती नेमकी साहेबांच्या पोटात आली. पण पार लांबवरचा रस्ता दिसायला लागला. लोक साहेबांच्या पोटातून एसटी बघायचे.

आपा म्हणाली, “पैली बार साहब के पेट से कुछ बाहर आया.”

पुढच्या पत्रकात आलं की समाजकंटकांनी फलक विद्रूप केला, गय केली जाणार नाही. खाली समितीचा फोटो. त्यात समाजकंटक मधोमध उभी. नवा फ्लेक्स मात्र जल्दी आला.

* * *

आपा त्या नव्या फ्लेक्सपाशी गेली. टोपली कमरेवर, एक पाय डांबरावर, मान बाहेर. मी धावत पोचले तेव्हा रस्त्यावर आधी काचा दिसल्या, मंग आपा. टेम्पो थांबलाच न्हाई.

साहेब स्वतः आले. आपाच्या मुलाशेजारी मांडी घालून बसले, फोटो झाला. मयतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच सांगाड्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स चढला. कोपऱ्यात साहेब, मधोमध आपा, पुरुषभर उंच. तिचा दुसरा फोटो नव्हताच, म्हणून समितीचा घेतला. मला त्यातून कापलं. माझा हात तेवढा तिच्या खांद्यावर राहिला.

घरचं चाळिसावं उरकलं आणि नाजिया पुन्हा कॉलेजला निघाली. त्या सकाळी मी विळा घेऊन फाट्यावर गेले. डोळ्यांच्या उंचीवर हात नेला. तिथं आपाचे डोळे होते. फोटो काढताना बघत होती तशीच सरळ बघत होती.

माझा हात वरच राहिला.

मागं नाजिया येऊन उभी राहिली, पाठीला दप्तर. फ्लेक्सच्या पलीकडं कुठंतरी एसटीचा हॉर्न वाजला. तिनं दादीकडं पाहिलं, मंग माझ्या विळ्याकडं.

“काटो, आज्जी,” ती म्हणाली. “दादी को अब कुछ नै होता.”