लव्हेलांच्या कुरणातलं निधन

कोलमन पॅडनने एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं, आणि वाटेत एखादं बदक घरट्यावर बसलेलं दिसलं की टपाल दुसऱ्या दिवशी पोचायचं. निवृत्त झाल्यावर तो जिल्ह्याच्या रेडिओवर गेला. दर मंगळवारी सकाळी मृत्यूच्या बातम्या संपल्या की पाच मिनिटं कोलमन: पाखरं, किडे, डबकी.

मृत्यूच्या बातम्या आमच्या गॉर्टनमोना गावात कुणी चुकवत नाही. कोण गेलं, दर्शनाला कुठे ठेवलंय, फुलं चालतील की नकोत. तेवढा वेळ चहाचा चमचाही वाजत नाही. मग कोलमनच्या कार्यक्रमाची बासरी सुरू झाली रे झाली, की घरोघरी रेडिओ खट्कन बंद.

"काल तुला ऐकलं हो," दुकानात कन्सेप्टा बॅरेट म्हणायची.

"कशाबद्दल होतं?"

"बासरी छान होती."

यंदा मात्र कोलमनची झोप उडाली. मायलो लव्हेलच्या कुरणात कॉर्नक्रेक आला होता. हिवाळा आफ्रिकेत काढून येणारा, गवतात दडणारा तपकिरी पक्षी, कंगव्यावर नख ओढावं तसा आवाज. वीस वर्षांत गावात फिरकला नव्हता. त्याची पिल्लं गवतात होती, आणि मायलो मंगळवारी दुपारी गवत कापणार होता.

"ऑगस्टपर्यंत थांब रे, मायलो. पिल्लांना उडता येऊ दे."

"ऑगस्टात पाऊस. मग माझ्या गाई काय तुझी व्याख्यानं चघळणार?"

"थोडीच कळ काढायची आहे."

"कोलमन, माझ्या लग्नाच्या मागणीला नोराने दिलेलं उत्तर तू तीन आठवडे उशिरा आणलंस. होय लिहिलं होतं तिने. तोवर ती कॅनडाला गेली. थांबण्याबद्दल तू मला शिकवू नकोस."

कोलमनने सायकल वळवली. तो घरी गेला.

मंगळवारी बासरी वाजलीच नाही. कोलमनला पाखरांचे आवाज जमायचे तसे माणसांचेही जमायचे. बातम्या देणाऱ्याच्या त्याच ओल्या, खालच्या सुरात त्याने पुढे चालू ठेवलं: "लव्हेल यांचं कुरण, गॉर्टनमोना. आफ्रिकेतल्या मुक्कामानंतर एप्रिलमध्ये मायदेशी परतलेले..."

इथवर ऐकून कन्सेप्टाने रेडिओ बंद केला आणि काळा कोट शोधायला घेतला.

"मायलोचे काका गेले," तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं. "आफ्रिकेतले, मिशनवाले."

"त्याला काका होते?"

"प्रत्येकाला असतात. तू सँडविच कर, मी सफरचंदाचा टार्ट आणते."

'यंत्राच्या पात्याखाली, पिल्लांसह' आणि 'निधन टाळता येईल' हे शब्द चाळीस सेकंदांनी आले. तोवर ऐकायला उरला होता एकटा बातम्या देणारा, तोही डोकं धरून.

अकरा वाजता मायलो यंत्राला तेल पाजत होता, तेव्हा अरुंद गल्लीत गाड्यांची रांग लागली. कुरणाचं फाटकही अडलं. पहिल्या माणसाने त्याचा तेलकट हात हातात घेतला. "तुझ्या दुःखात आम्ही आहोत, मायलो."

"आभारी आहे," मायलो म्हणाला. आपल्याकडे हात हातात आला की तोंडातून हेच निघतं. कोण गेलंय हे विचारणं बरं दिसत नाही. असे साठ हात झाले. मग घरात जाऊन त्याने किटली ठेवली.

शेवटी फादर टिमनीच म्हणाले, "काकांना कुठल्या खोलीत ठेवलंय?"

"कोणते काका, फादर?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात कोलमन सायकलवरून धापा टाकत पोचला, आणि कुरणातून आवाज आला: क्रेक्स क्रेक्स, क्रेक्स क्रेक्स.

"हेच ते," कोलमन टोपी काढून म्हणाला. "अजून हयात आहेत."

"मी एका पाखरासाठी टार्ट केला?" कन्सेप्टा म्हणाली.

पण चहा झाला होता, आणि ओतलेला चहा सोडून कुणी जात नाही. कप घेऊन सगळे कुरणाच्या भिंतीला टेकले. म्हातारा टोमास सावकाश म्हणाला, "आमच्या लहानपणी हा रात्रभर झोपू द्यायचा नाही. बाबा बूट फेकायचे." मग सगळे गवताकडे कान लावून उभे राहिले. टार्ट मात्र संपला.

मायलोने यंत्राकडे पाहिलं, गल्लीभर उभ्या गाड्यांकडे पाहिलं, मग कोलमनकडे.

"ऑगस्ट," तो म्हणाला. "पण पाखरासाठी नाही हं. आज साठ माणसांना चहा दिला मी. हा खरोखर मेला, तर पुन्हा सगळ्यांना द्यावा लागेल."