नऊ नंबरचा रिसीव्हर

आधीच सांगतो, मी वायरमन माणूस आहे. करंट एकतर येतो, नाहीतर येत नाही... मधलं काही नसतं, हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. आमच्याकडं जाफराबादला कुणाला काही 'दिसलं' की मी तोंडावर हसायचो. समोरच्याला काय वाटेल याची फिकीर नसायची. आज तोच मी लिहायला बसलोय, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमधली नोकरी सोडून मी जालन्यात छोटं दुकान टाकलं होतं. त्या वेळी नवीन जालन्यात अपार्टमेंट उठायला लागली होती, पण गेटवर सगळीकडं नुसत्या बेल. अशाच एका बारा फ्लॅटच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी औरंगाबादला मेव्हण्याच्या सोसायटीत इंटरकॉम बघून आले आणि हट्टाला पेटले. आपल्याकडं पण पाहिजे! गेटवर बटनांचा बोर्ड, प्रत्येक घरात रिसीव्हर, घरातून बटन दाबलं की खालच्या ग्रीलचं लॉक कटकन उघडणार. वॉचमनच्या केबिनमध्ये एक पॅनल, त्यावर प्रत्येक फ्लॅटचा दिवा. कुणी वरून रिसीव्हर उचलला की त्या नंबरचा दिवा लागणार आणि पॅनल वाजणार. जुन्या बेलच्याच पाइपमधून नवीन वायरी ओढायच्या होत्या. काम मला मिळालं आणि मी दहा दिवस हवेत होतो.

अकरा घरं झाली. नऊ नंबरला गाडी अडली. तिसऱ्या मजल्यावर सोनवणे बाई राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, मुलगा पुण्याला, घरात एकट्याच. त्यांच्याकडं जाणारा पाइप स्लॅब टाकताना सिमेंटनं एवढा भरला होता की जुन्या बेलची बारीक तारच काय ती त्यातून गेली होती. वायर ओढायची स्प्रिंग घालून पाहिली, ढकलून पाहिली, वायर काही वर जाईना. उपाय सोपा होता, जिन्याच्या भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारायची आणि तिच्यातून वायर न्यायची.

"मार की पट्टी," बाई म्हणाल्या. "मला चांगलं दिसायचं न्हाई, चालायला पायजे. आणि ते रिसीव्हर खाली लाव बरं का सुनील. माझे गुडघे गेलेत, खुर्चीत बसून हात पुरला पायजे."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे बुद्धाच्या फोटोखाली, भिंतीवर कमरेच्याही खाली मी रिसीव्हर लावला. पण पट्टी त्या दिवशी माझ्याकडं नव्हती. दुसऱ्या दिवशी सोसायटीचा सत्यनारायण आणि इंटरकॉमचं उद्घाटन. सेक्रेटरींनी नारळ आणून ठेवला होता. मी काय केलं? पाइपच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला, त्यावर रिसीव्हरचा सेट स्क्रूनं पक्का केला, आणि मोकळा झालो. मागं एक वायर नाही!

उद्घाटनाला सगळ्यांसमोर एकेक बटन दाबून टेस्टिंग झालं. बाई नेमक्या बहिणीकडं पिंपळगाव रेणुकाईला गेलेल्या. "नऊ मी सकाळीच चेक केलं," असं मी सेक्रेटरींना सांगितलं. इतक्या सहज सांगितलं की मला स्वतःलाही खरं वाटलं.

बाई परत आल्यावर दोनदा म्हणाल्या, "माझं काही वाजत न्हाई रे." दोन्ही वेळा मी म्हणालो, "आलोच बाई, जरा सेटिंग राहिलंय." वायरच नाही, हे काही तोंडातून निघालं नाही. महिना गेला. जिन्यात भेटल्या की मीच मोबाइल कानाला लावून पुढं निघायचो.

मग तो दिवस. सकाळचे साडेअकरा झाले असतील. मी दुकानातून जाफराबादच्या कामाला निघायच्या गडबडीत, तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. बिल्डिंगचे वॉचमन नामदेवकाका समोरच्या पीसीओवरून बोलत होते.

"सुनीलभाऊ, ते नऊ नंबर सारखं वाजून राह्यलंय. दिवा बी लागतोय. उचललं की कोणी बोलत न्हाई."

मला हसू आलं. ज्याला वायर नाही ते वाजणार कसं? दुसऱ्या कुठल्यातरी घराची तार टच झाली असणार.

"मंग वर जाऊन बघू का एक डाव?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न मी अजून विसरलो नाही. एवढं साधं विचारलं होतं त्यांनी. काका वर गेले असते तर दार वाजवलं असतं, बाईंशी बोलले असते, आणि माझं भांडं फुटलं असतं. मला ते नको होतं. खरं कारण हेच, दुसरं काही नाही.

"कशाला तीन मजले चढता?" मी म्हणालो. "काही करू नका, तसंच राहू द्या. मी आलोच."

आणि मी जाफराबादच्या जीपमध्ये जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगवर गेलो तर गेटसमोर ॲम्ब्युलन्स. दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडेना, म्हणून सेक्रेटरींनी कुलूप तोडलं होतं. बाई आदल्या दिवशी अकराच्या सुमाराला घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. बावीस तास तशाच फरशीवर! रिसीव्हर खाली ओढलेला, त्यांच्या हाताशी.

बाईंना घेऊन गेल्यावर घरात मी एकटाच उरलो. सेट भिंतीवरून काढला. वर्तमानपत्राचा बोळा जसाच्या तसा, मी कोंबलेला. खाली जाऊन पॅनल उघडलं. नऊ नंबरचे स्क्रू कोरे, तिथं कधी वायर लागलीच नव्हती. पाइपात जुन्या बेलची तारही शिल्लक नव्हती, ती मीच ओढून काढली होती. बाकीच्या अकरा तारा एकेक तपासल्या. सगळ्या ठीक.

"काका, नऊचाच दिवा होता?"

"मी शाळा शिकलो न्हाई भाऊ, पण आकडा कळतो मला. नऊच. बराबर नऊ."

मग मी पट्टी आणली आणि काम केलं. तासाभरात झालं. एका तासाचं काम होतं ते.

दोन दिवसांनी दवाखान्यात गेलो. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. मुलगा पुण्याहून आला होता, त्यानं माझा हात धरून बसायला स्टूल दिलं. बाई जाग्या होत्या.

"बरं झालं तू ते लावून ठेवलंस," त्या म्हणाल्या. "न्हाईतर मी भिऊनच मेले असते."

मला काही समजेना.

"पडल्या पडल्या कसंबसं ओढलं मी ते. किती येळ नुसती घरघर. मंग तुझा आवाज आला. मी म्हणले, सुनील, पडले रे मी. तू म्हणलास, काही करू नका, तसंच राहू द्या, मी आलोच."

शब्द न् शब्द माझाच. पण तो मी दुकानातल्या फोनवर बोललो होतो, आणि ऐकणारे काका पीसीओत होते, पॅनलजवळसुद्धा नव्हते.

"मंग मी गपगार पडून राह्यले," बाई सांगत होत्या. "समोरचे लोक दुपारपर्यंत घरीच होते, त्यांच्या दाराचा आवाज येत व्हता. हाक मारली असती तर आले असते. पण म्हणलं, सुनील येतोय, उगा त्यांना कशाला तरास. मंग ते गावाला गेले."

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"उशीर केलास रे. पण आलास ना."

ठरवलेलं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मुलानं चहा मागवला आणि तो चहा मी पिऊन आलो. त्याची लाज आजही वाटते.

या गोष्टीचा उलगडा मला झालेला नाही. टेलिफोनमधल्या दोन जाणकारांना विचारलं. एक म्हणाला इंडक्शन, म्हणजे शेजारच्या तारेतला आवाज दुसऱ्या तारेत उतरतो, दुसरा म्हणाला बाईंना भास झाला. भास झाला म्हणावं तर शब्द तेच कसे, आणि पॅनलवरचा दिवा? इंडक्शनला निदान तार तरी लागते. तिथं वर्तमानपत्राचा बोळा होता, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तो माझ्याच हातचा होता.

बाई पुन्हा जालन्याला राहायला आल्या नाहीत, मुलानं त्यांना पुण्याला नेलं. वर्षभरानं त्यांचा फोन आला. वॉकर घेऊन चालतेय, एकदा येऊन जा, तुझ्याशी बोलायचंय, म्हणाल्या. मलाही बोलायचंच होतं. तो बोळा, ते टेस्टिंग, काकांना वर जाऊ दिलं नाही ते, सगळं सांगून टाकायचं होतं.

"आलोच बाई," मी म्हणालो.

त्या वाट बघत राहिल्या असतील. त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. मी गेलो नाही.