बारीक झालेला प्रबंध

"मॅडम, माहे अर्धे पानं कुठं गेले जी?"

प्रणाली माझ्या खुर्चीमागे उभी राहून स्क्रीनकडे पाहत होती. सकाळी तिनं पेन ड्राइव्हवर आणून दिलेला एम.ए.चा लघुप्रबंध चांगला जाडजूड होता. दुपारी मी फॉरमॅटिंग करून दाखवला, तर तो जवळजवळ निम्म्यावर आलेला. मी तिचं पाकीट मारल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती.

नागपुरात एका कॉलेजजवळ माझं टायपिंग-प्रिंटिंगचं दुकान आहे. आधी टाइपरायटर बडवला, आता कीबोर्ड बडवते. मुलं प्रबंध लिहितात, मी तो नीटनेटका करून देते. मार्जिन, मथळे, पानांचे नंबर, अनुक्रमणिका. आतल्या मजकुराशी आपल्याला काय करायचंय, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आले आहे.

पानं कमी कशी झाली ते सांगते. वर्डमध्ये नवीन पान सुरू करायचं तर पेज ब्रेक द्यायचा असतो. तो दिला की पुढचा मजकूर आपोआप पुढच्या पानावर जातो. आमची मुलं मात्र पान संपेपर्यंत एंटर दाबत बसतात. मग वर एखादं वाक्य वाढवलं की खालचं सगळं सरकतं, की पुन्हा एंटर. हे एंटर एरवी दिसत नाहीत, पण एक बटण दाबलं की त्यांच्या खुणा दिसायला लागतात. प्रणालीच्या फाईलवर ते बटण दाबलं, तर मजकुरापेक्षा खुणांचीच गर्दी. मी त्या सगळ्या काढल्या. मथळ्यांना स्टाईल लावली, ओळींमधलं अंतर नियमाप्रमाणे केलं. खरं तर मी कौतुकाची वाट बघत होते.

"एक शब्द नाही गेला वं तुझा," मी म्हणाले. "फक्त हवा गेली."

"पण सर हातात धरून पाहतात जी. बारीक दिसला का वापस करतात. परवा शेवटची तारीख आहे. सरची सही नाही झाली तं माहं वर्ष गेलं."

हे सर म्हणजे तिचे गाईड. तिनं तिथूनच त्यांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"मॅडम, काय करून राहिले तुम्ही?" सर म्हणाले. "पोरीनं वर्षभर मेहनत केली, अन् तुम्ही त्याचं पॅम्फ्लेट करून टाकलं."

"सर, मी फक्त रिकामी जागा काढली."

"ते ठीक आहे. पण बाहेरून परीक्षक येतात. ते काय म्हणतील? डिपार्टमेंटची काही इज्जत आहे का नाही? थोडा जाड करा. कसा करायचा ते तुम्ही पाहा."

फोन ठेवला. मला राग आला, पण गिऱ्हाइकासमोर राग गिळायची सवय झाली आहे. आणि कसा करायचा ते मला चांगलं ठाऊक होतं. अक्षर मोठं, ओळींत अंतर जास्त, मार्जिन जरा आत, की प्रबंध पुन्हा गरगरीत. मी कामाला लागलेसुद्धा. पण अक्षर मोठं केलं की टेबलं पानाबाहेर पळतात, ती एकेक हातानं बसवावी लागतात. म्हणून मी ती पहिल्यांदाच नीट पाहिली.

तिचा विषय होता नागपूरजवळच्या कामठीत, एका मोहल्ल्यात घरी बसून कांड्या भरणाऱ्या बाया. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवतात ती सुताची नळी, बाया ती चरख्यावर भरतात. प्रणाली त्याच मोहल्ल्यातली. एका टेबलात प्रश्न होता, 'हे काम का करता?' खाली चार रकाने : पैशांची गरज, फावला वेळ, घरचा धंदा आणि इतर. पहिल्या तिन्हींत अगदी तुरळक आकडे. जवळजवळ सगळ्या बाया 'इतर'मध्ये. मला वाटलं, टाइप करताना रकाने उलटेपालटे झाले.

"नाही जी, बराबर आहे," ती म्हणाली.

"मग इतर म्हणजे काय?"

"ते असंच. बायाइचं फालतू बोलणं."

"म्हणजे काय बोलल्या?"

ती आधी लाजली. मग सांगू लागली. "एक म्हणे, चरखा फिरत राहिला का सासू हाक नाही मारत, तेवढा वेळ माहा. एक म्हणे, नवरा गेला तवापासून घरात कशाचा तरी आवाज लागते मले. अन् आमच्या बाजूची काकू तं माह्यावरच उलटली. म्हणे, काहून करतं असं आजवर कोणी विचारलं नाही, तूच पहिली विचारून राहिली. अन् मंग रडली जी."

"हे प्रबंधात कुठं आहे?"

तिनं टेबलातल्या त्या एका आकड्यावर बोट ठेवलं.

मला वाईट वाटलं. त्या बायांसाठी वाटलं आणि या पोरीसाठीही. एवढं ऐकून आली आणि एका चौकोनात कोंबून मोकळी झाली.

"काहून नाही लिहिलं वं?"

"सिनियरच्या प्रबंधात असं काही नव्हतं. अन् हे आपलं घरचं बोलणं. प्रबंधात कसं टाकू?"

मी तिला बाजूच्या कॉम्प्युटरवर बसवलं. बोलणं तिच्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलेलं होतं. कानाला लावून ती लिहीत गेली, बाया बोलल्या तसंच. दुसऱ्या दिवशीही आली. मध्येच हसायची, मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायची. मी त्याला वेगळा मथळा दिला. बायांचे शब्द दोन्हीकडच्या मार्जिनपासून जरा आत घेतले, म्हणजे हे दुसऱ्याचं बोलणं आहे हे वाचणाऱ्याला कळतं. वाढवलेलं अक्षर पुन्हा नियमात आणलं. एवढं करूनही प्रबंध आधीपेक्षा बारीकच राहिला.

"मॅडम, तुम्ही चला न संग," सहीच्या दिवशी ती म्हणाली. दुकान बंद करून गेले.

सरांनी प्रबंध हातात घेतला, जरा वर-खाली केला. "बारीकच आहे," म्हणाले. प्रणालीनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. सर पानं चाळत गेले आणि नव्या भागाशी थांबले. एक पान वाचलं. उलटलं. मग चष्मा पुसून पुढचं वाचलं.

"ही काकू कोण?"

"आमच्या बाजूची आहे, सर."

"अन् हे एवढे दिवस कुठं होतं?"

"टेबलात होतं सर. इतरमध्ये."

सरांनी मागं जाऊन ते टेबल काढलं. मग हळूच म्हणाले, "ते टेबल मीच तुले करून दिलं होतं." आणि पेन काढून सही केली.

बाहेर आल्यावर प्रणाली पायरीवर बसून रडली. मीही डोळे पुसले.

तेव्हापासून टेबलं बसवताना 'इतर'चा आकडा मोठा दिसला की मी विचारते, हे काय आहे. बहुतेक मुलं म्हणतात, "मॅडम, तुम्ही फक्त सेटिंग करा ना." मग मी सेटिंग करते.