लॅबवाल्या मामांचं रेडियम

उजेड वाया जाऊ नये एवढ्याचसाठी जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आखाडा बाळापूरच्या आमच्या शाळेत ते परीक्षानळ्या धुवायचे, भिंगं पुसायचे, म्हणून सगळं गाव त्यांना लॅबवाले मामा म्हणायचं. त्यांच्या एका खिशात कात्री आणि दुसऱ्यात रेडियमची गुंडाळी असायची. रेडियम म्हणजे ट्रकच्या पाठीला असते ती चमकणारी चिकटपट्टी. मामांनी ती म्हशींच्या शिंगांना लावली, दुधाच्या कॅनला लावली, एकदा मुख्याध्यापकांच्या छत्रीलाही लावली. सर चिडून म्हणाले, "मी काय ट्रक आहे का हो?" मामा शांतपणे म्हणाले, "ट्रकला हॉर्न तरी असते, सर."

सायकलच्या मडगार्डवरचा लाल डोळा असो की बॅटरीच्या बल्बमागची चकचकीत वाटी, मामा हातात घेऊन तासभर बोलू शकत. आरशावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. तो उजेडाला भलतीकडंच धाडतो, रेडियम मात्र ज्यानं दिला त्यालाच बराबर वापस करते, असं ते म्हणत. हा फरक त्यांनी मला इतक्या वेळा समजावला की पुढं पुढं तो मला भौतिकशास्त्राचा वाटेनासा झाला.

या वेडामागं एक दुखणं होतं. मामांच्या तांड्यावरच्या गाड्या हंगामात कारखान्यावर ऊस वाहायच्या. एका हिवाळ्यात दिवस बुडता बुडता त्यांच्या पुतण्याच्या गाडीला ट्रकनं मागून ठोकलं. एक बैल जागीच गेला, पुतण्या कायमचा लंगडा झाला. गाडीला रेडियम नव्हतं असं नाही, मामांनी स्वतः लावलेलं होतं. पण बैलांना चारायला उसाचे शेंडे, म्हणजे वाढं, गाडीच्या मागंच बांधायची तिकडची रीत. वाढ्याच्या भाऱ्यानं रेडियम पार झाकलं होतं. पट्टी जरा वर लावली असती तर, एवढंच मामा बरेच दिवस बोलत राहिले.

मी तेव्हा विशीत होतो आणि चळवळीच्या पत्रकांवर वाढलेलो. पेटून उठलो. ज्यांच्या उसावर कारखाना चालतो त्यांच्या रस्त्याला एक दिवा का नाही, असं विचारणारं पत्रक लिहिलं, छापलं, गाडीवानांत वाटलं. त्यातला एकही शब्द मी आजही मागं घेणार नाही. गाडीवानांनी त्यात तंबाखू बांधली. मामांनी मात्र उन्हात उभं राहून ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "झकास लिहिलं. पर तुझं दिवसा वाचतेत, बेटा. माझं अंधारात वाचावं लागते."

पुढची दोन वर्षं मामा घरी दोन जाड काचा एकमेकींवर घासत बसले. भांडण झाल्यावर मामी म्हणायच्या, "घासायचंच हाये तर भांडी काहून न्हाई घासत?" त्यातल्या एका काचेचा खोलगट आरसा झाला, आरशाची दुर्बीण झाली, आणि हंगामात ती थेट कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहिली. रिकाम्या गाड्या संध्याकाळी तिथूनच परतायच्या. शनीचं कडं बघायला गाडीवानांची रांग लागली. मामांची अट एकच होती: उद्यापासून वाढं पुढं, जुवाजवळ बांधायचं आणि आत्ता मागं रेडियम लावू द्यायचं. एक म्हातारे गाडीवान दुर्बिणीतून डोळा काढेनात, तोवर मामांनी त्यांच्या धोतरालाही पट्टी लावली. माझ्या पत्रकानं जे झालं नाही ते शनीनं केलं. मला याचा थोडा राग आला होता, हे कबूल करतो.

दहा-बारा वर्षांनी मामांची नजर काचबिंदूनं गेली. दुर्बीण त्यांनी शाळेला दिली. एकदा मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून बाळापूरला आणत होतो. दिवस मावळला होता. रस्त्याला दिवे तेव्हाही नव्हते, माझी मागणी अजून उभीच आहे. पुढं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तसा मामांनी माझा खांदा दाबला.

"गाड्या हायेत ना? दिसून राहिलं का काही?"

मी हेडलाइट वर केला. उसाच्या चार गाड्यांची ओळ होती. वाढं पुढं होतं, आणि शेवटच्या गाडीच्या पाठीवर माझाच उजेड लाल होऊन माझ्याकडं परत येत होता.

"दिसतंय, मामा."

"किती लांबून?"

"मारुतीच्या पारापासनं."

मामांनी मनातल्या मनात अंतर मोजलं असावं. "मंग थांबते ट्रक," ते म्हणाले, आणि खांद्यावरचा हात सैल झाला.